बँड बदललाय

अण्णांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. तब्येत, पोरांच्या परीक्षा, पाऊसपाणी हे सगळं मागाहून. आधी, "तुझ्या मशिनचं घड्याळ बरोबर हाय का?" मी स्क्रीनच्या कोपऱ्यात बघते, भिंतीवरच्या घड्याळात बघते आणि सांगते, "बरोबर आहे." पलीकडून "हं" येतो आणि मग आमच्या गप्पा सुरू होतात. माझ्या नवऱ्याला हे अजूनही वेड वाटतं. वेड असेलही. पण त्या एका प्रश्नामागं माझं अख्खं दुकान उभं आहे, आणि ते मी कुणाला दोन वाक्यांत सांगू शकत नाही.

सांगलीच्या गावभागात माझं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, वर्षश्राद्धाची कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, कुणाचा प्रबंध, कुणाचा कवितासंग्रह आणि वर्षातून एकदा दिवाळी अंक. २०१४ साली दिवाळी अंकाच्या तोंडावर निवडणूक आली. २५ सप्टेंबरला घटस्थापना होती, आणि त्याच दिवशी मुंबईत युतीही मोडली आणि आघाडीही मोडली. टीव्हीवाले भूकंप म्हणत होते. आम्ही डीटीपीवाले बोटं मोजत होतो. कालपर्यंत दोन बाजूंची पत्रकं होती, आता चार पक्षांची चार. प्रत्येकाचं जाहीरनाम्याचं बाड, प्रत्येकाला आजच्या आज प्रूफ, आणि प्रत्येक पत्रकाखाली कायद्याप्रमाणं मुद्रक-प्रकाशकाचं नाव घालायचं विसरलं तर पुन्हा प्लेट. १५ ऑक्टोबरला मतदान, २३ला लक्ष्मीपूजन. मधल्या वेळात १६० पानांचा दिवाळी अंक, म्हणजे सोळापानी दहा फर्मे, छापखान्यात जायला हवा होता. त्यातले सात लागलेले होते. लागलेले म्हणजे माझ्या मशिनमध्ये.

दसरा ३ ऑक्टोबरला होता. आदल्या दिवशी मी शस्त्रपूजेसाठी शस्त्रं साफ केली. शस्त्रं म्हणजे एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि एक स्टीलची फूटपट्टी. शेजारच्या गॅरेजमधून ब्लोअर मागून आणला, पाठीमागच्या सगळ्या वायरी ओढून काढल्या, डब्याचं झाकण उघडून वर्षाची धूळ उडवली. हळदकुंकू, झेंडूचा हार, पेढा. मशीन तसंच दसऱ्याचा दिवसभर हार घालून बसलं. मलाही एक दिवस विश्रांती हवीच होती.

शनिवारी सकाळी वायरी जोडल्या, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी आलं, खाली दोन पर्याय: पुढं जायला एफ-वन, मूळ सेटिंग घ्यायला एफ-टू. मी एफ-टू दाबलं. का दाबलं? दुसऱ्याच्या मजकुरातला अनुस्वारही न वाचता सोडत नाही मी, पण स्वतःच्या पडद्यावर जे येईल त्याला 'बरं बरं' म्हणून वाट करून द्यायची ही माझी सवय. मग विंडोज सेव्हनचे ते रंगीत ठिपके भिरभिरत एकत्र यायला लागले, त्यांचा झेंडा होता होता निळा पडदा क्षणभर लखलखला, आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ठिपके. पुन्हा निळं. स्वतःच दुरुस्ती करू का असं मशिननं विचारलं, कर म्हटलं, पंधरा मिनिटांनी जमलं नाही म्हणून सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, हळदीचं पाणी आत गेलं असणार. ते मलाही पटलं होतं.

बोलावल्यावर मोटरसायकलवरून एक मुलगा आला. त्याचं नाव-गाव सांगण्यात अर्थ नाही, तेव्हा सगळे असंच करायचे. त्यानं दोनदा बटण दाबलं, दोनदा निळं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हार्ड डिस्क गेली. फॉरमॅट मारून बघू. जगली तर जगली." बोलता बोलता त्यानं पिशवीतून सीडी काढलीसुद्धा.

त्या क्षणी मला दिवाळी अंक आठवला नाही, चार पक्ष आठवले नाहीत. गुरुजी आठवले. तासगावकडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी. त्यांनी दोन वर्षं खपून आत्मचरित्र लिहिलं होतं, फुलस्केप कागदांवर, निळ्या शाईत. माझ्याकडं ते टाइप होऊन तिसरं प्रूफ झालं होतं. श्रावणात ते हसत हसत सांगून गेले होते, "हस्तलिखित बंबात घातलं बरं का. घरात जागा नाही, आणि आता ते कॉम्प्युटरात आहेच की." आमच्याकडं अजूनही पुष्कळ घरांत अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापतं. एका माणसाच्या एकोणसत्तर वर्षांवर दोन-चार सकाळचं पाणी तापलं असेल. उरलेली एकमेव प्रत त्या डब्यात होती, आणि हा मुलगा सीडी हातात घेऊन उभा होता.

मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

छापखान्याच्या मालकांना फोन केला, रडतच. ते म्हणाले, "फॉरमॅट नको. अण्णांना बोलाव."

अण्णांचं दुकान मारुती रोडच्या मागच्या बोळात. पाटीवर मूळची अक्षरं 'रेडिओ, ट्रान्झिस्टर दुरुस्ती' अशी, त्याखाली वेगळ्या रंगात 'टीव्ही', आणि त्याखाली, जागा संपत आल्यामुळं बारीक होत गेलेलं 'कॉम्प्युटर'. ते सायकलवरून आले. धोतर नव्हे, पण पायजमा आणि वर पांढरी टोपी. पिशवीत एक मीटर, तीन पेचकस आणि डबा. दुकानात टेकले आणि खिसे चाचपून म्हणाले, "चष्मा विसरलो. तू वाच, मी ऐकतो."

त्यांनी आधी पडद्याकडं पाहिलंच नाही. झाकण उघडलं, पेचकसाचं टोक हार्ड डिस्कवर टेकवलं आणि मुठीचा भाग कानाला लावला. मोटार मेकॅनिक इंजिन ऐकतात तसं. मला म्हणाले, "बटण दाब." डोळे मिटून ऐकत राहिले. "फिरतीय. टकटक नाही, खरखर नाही." मग डिलीटचं बटण दाबत राहायला लावून मला बायोसमध्ये नेलं. निळ्या-पांढऱ्या चौकटींचं ते पान मी जन्मात पाहिलं नव्हतं. "डिस्कचं नाव दिसतंय?"

"दिसतंय. पुढं पाचशे जीबी लिहिलंय."

"मेलेला माणूस सोताचं नाव सांगतो व्हय?"

पण त्यांनी दुरुस्तीला हात घातला नाही. "आधी घरातलं सामान बाहेर काढू, मग आग कुठं लागलीय ते बघू," असं म्हणून डिस्क सोडवली, फडक्यात गुंडाळली, आणि आम्ही दोघं त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी ती त्यांच्या मशिनला दुसरी डिस्क म्हणून जोडली. माझी सगळी फोल्डरं जशीच्या तशी समोर उभी राहिली. 'दिवाळी अंक', 'पत्रिका', 'गुरुजी फायनल', 'गुरुजी फायनल २', 'गुरुजी खरं फायनल'. मला तिथंच रडू कोसळलं. अण्णांनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि कॉपीला लावून ते एका कॅसेट प्लेअरचा पट्टा बदलत बसले. रात्री साडेदहाला कॉपी संपली. तोवर ते माझ्याशी चार वाक्यंसुद्धा बोलले नसतील.

खरं तर माझं काम तिथं भागलं होतं. मजकूर वाचला होता. नवीन विंडोज टाकून, पेजमेकर टाकून, फाँटचं लॉक पुन्हा बसवून मी आठवड्याभरात उभी राहिले असते. पण आठवडा कुणाकडं होता? आणि अण्णांनाही चैन नव्हती. डिस्क धडधाकट आहे, मजकूर शाबूत आहे, मग मशीन सुरू का होत नाही? हा प्रश्न सोडून झोपायला जाणारा तो माणूस नव्हता.

रविवारी सकाळी डिस्क परत जागेवर. पुन्हा निळं. या वेळी त्यांनी मला एफ-एट दाबायला सांगितलं आणि आलेल्या यादीतून आपोआप पुन्हा सुरू होणं बंद करायला लावलं. आता निळा पडदा पळाला नाही, थांबला.

"वाच."

मी म्हटलं, "हार्ड डिस्क खराब झालीय असं काहीतरी..."

"असं लिवलंय तिथं?"

मी गप्प.

"अर्थ लावू नको. अक्षरं वाच. प्रूफ वाचतीस ना तू?"

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. नवीन मुलींना मी हेच शिकवते. डोळा पुढचा शब्द ओळखतो आणि हात सोडून देतो, चूक तिथंच राहते. 'प्रतिष्ठा' आणि 'प्रतिष्टा' यातला फरक दिसायला शब्द कळून उपयोग नसतो, शब्द न कळल्यासारखा वाचावा लागतो. मी खुर्ची पुढं ओढली आणि एकेक अक्षर वाचलं. शेवटच्या ओळीत 'स्टॉप', मग शून्य, एक्स, मग सहा शून्यं, मग सात आणि बी. त्या आकड्याचं नाव अण्णांनी सांगितलं: इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस.

"आता सांग अर्थ."

"जिथून सुरू व्हायचं ते हाती लागत नाहीये."

"हाती लागत न्हाई म्हंजे न्हाईच, असं हाय?"

"नाही. म्हणजे... आहे. पण पोचता येत नाहीये."

अण्णा पहिल्यांदा हसले. मग पुन्हा बायोसमध्ये नेऊन विचारलं, "तारीख काय दाखवतंय?"

"१ जानेवारी २०११." मला हसू आलं. ऑक्टोबरात जानेवारी, तोही तीन वर्षांपूर्वीचा. त्यांना हसू आलं नाही. "आणि ह्याच्या आधी? घड्याळ मागं पडत हुतं?" पडत होतं. गणपतीपासून रोज सकाळी घड्याळ मागं गेलेलं असायचं, कधी तासभर, कधी जास्त. मी ते पुढं करायचे आणि कामाला लागायचे. "आणि प्लग काढलेलास?" मी खंडेनवमीची सगळी हकिकत सांगितली.

"मग हळदीला कशाला नावं ठेवतीस," ते म्हणाले, आणि मदरबोर्डवरून पेचकसाच्या टोकानं एक नाण्याएवढा सेल उचकटून काढला. मीटर लावला. तीन व्होल्टांचा सेल, काटा दोनच्या आसपास लोळत होता. "सीआर २०३२. नावातच माप हाय बघ, वीस मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. मशीन बंद असतं तेव्हा घड्याळ ह्याच्यावर चालतं, आणि बायोसमधली सेटिंगं ह्याच्याच जिवावर टिकतात." बोर्डावर वीज असली की सेलला काम नसतं. पण माझी सवय जुन्या लोडशेडिंगच्या दिवसांतली. रात्री भिंतीवरचा मेन स्विच बंद करूनच घरी जायचं, वीज कधी जाईल, येताना केवढ्यानं येईल सांगता येत नाही म्हणून. म्हणजे रोजच्या बारा-चौदा तासांचा भार त्या सेलवर. बाकीच्यांकडं जो सेल पाच-सात वर्षं जातो तो माझ्याकडं तीन वर्षांत संपला, आणि मी प्लग काढून त्याला दीड दिवस एकटं सोडलं तेव्हा त्यानं मान टाकली. सकाळी मशीन उठलं ते कारखान्यातून आलं तेव्हाच्या आठवणी घेऊन.

"पण तारीख विसरली म्हणून विंडोज का सुरू होत नाही?" मी विचारलं.

तेव्हा अण्णांनी रेडिओची गोष्ट सांगितली.

व्हॉल्व्हचे रेडिओ होते, रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागायचं त्या काळातली. लोक बैलगाडीतून रेडिओ घेऊन यायचे, घोंगडीत गुंडाळून, आजारी म्हाताऱ्याला आणावं तसे. "मेला ओ अण्णा. सांगली लागंना." अण्णा लावून बघायचे. दिवा पेटलेला, स्पीकरमधून सूं सूं येतंय. मग त्यांची नजर बँडच्या खटक्याकडं जायची. धूळ पुसताना घरातल्या कुणीतरी तो मीडियम वेव्हवरून शॉर्ट वेव्हवर नेलेला. सुई बरोबर सांगलीवर, आकाशवाणीची माणसं तिकडं बोलतायत, रेडिओ इकडं कान टवकारून बसलाय, आणि दोघांची गाठ नाही. अण्णा खटका फिरवायचे. कामगारांचा कार्यक्रम घणाणायला लागायचा. गिऱ्हाईक कनवटीला हात घालायचं तर अण्णा म्हणायचे, "बँड फिरवायचे पैसे मी घेत न्हाई."

"तुझ्या मशिनचा बँड बदललाय," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते मी पुढं पुष्कळदा पडताळून पाहिलं आहे, म्हणून माझ्या शब्दांत सांगते. पूर्वी डिस्क रुंद पट्टीसारख्या केबलनं जोडायचे, तिला आयडीई म्हणत. २००३च्या सुमाराला बारीक वायरीची साटा जोडणी आली. पण जुन्या विंडोजला नव्या जोडणीची भाषा कुठली येणार? म्हणून बोर्डावर सोय ठेवली की नवी डिस्क जुन्या पट्टीवाल्या डिस्कचं सोंग घेऊन बोलेल. तो आयडीई मोड. दुसरा एएचसीआय, इंटेलनं २००४ साली त्याचे नियम जाहीर केले. त्यात डिस्क आपल्या खऱ्या रूपात बोलते. एका वेळी बत्तीस कामं रांगेत घेते आणि सोयीच्या क्रमानं उरकते, पोस्टमन सकाळी पत्रं आलेल्या क्रमानं वाटत नाही, गल्ल्या बघून लावून घेतो, तसं. २०११ साली ज्यानं माझं मशीन जुळवलं त्यानं हा चांगला बँड लावून मग विंडोज टाकलं होतं. आणि विंडोजची रीत अशी की बसवताना जो बँड दिसेल त्याचाच दुभाष्या सुरुवातीला हाताशी ठेवायचा, बाकीच्यांना रजा द्यायची, म्हणजे सुरू व्हायला वेळ लागत नाही. सेल मेला, मी एफ-टू दाबलं, आणि बोर्ड आपल्या मूळच्या सेटिंगवर, आयडीईवर गेला. विंडोज उठलं, दाराशी येऊन आपल्या भाषेत हाक मारली, आतून दुसऱ्याच भाषेत ओ आली. त्यानं म्हटलं, घरात कुणी नाही.

"पण अण्णा, पूर्वी एएचसीआयच होतं हे तुम्हाला कसं माहीत?"

"म्हाईत न्हाई. फिरवून बघायचं. न्हाई लागलं तर परत फिरवायचं. बँड फिरवल्यानं रेडिओ मरत न्हाई." आणि लगेच बोट वर करून, "तिसरं नाव दिसंल, रेड. जिथं ते आधीपासून लावलेलं असंल तिथं हात लावायचा न्हाई. तिथं दोन-तीन डिस्कांचा एकत्र संसार असतो, मोड बदलला की वाटण्या व्हतात."

नवा सेल बसवला. 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स' नावाच्या पानावर साटा मोडची ओळ होती, पुढं आयडीई. मी बाणाच्या बटणानं ती एएचसीआय केली. एफ-टेन, वाय, एंटर. ठिपके भिरभिरले, जवळ आले, झेंडा झाला. या वेळी झेंडा फुटला नाही. अण्णा पडद्याकडं पाठ करून हत्यारं डब्यात भरत होते. विंडोज सुरू झाल्याची ती सुरावट वाजली तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली, मीडियम वेव्हवर सांगली लागल्यावर हलवत असतील तशी.

मी पाचशेच्या दोन नोटा पुढं केल्या. त्यांनी सेलचे तीस रुपये घेतले. सुटे नव्हते म्हणून वीस परत द्यायला नंतर पोराला पाठवलं.

दिवाळी अंक वेळेवर निघाला. पत्रकं निघाली, माणसं निवडून आली, पडली. गुरुजींचं पुस्तक पुढल्या पाडव्याला झालं. त्यांना मी काही सांगितलं नाही. प्रकाशनाला अण्णांना बोलावलं होतं, ते मागच्या रांगेत बसले आणि पेढा घेऊन निघून गेले. गुरुजींनी व्यासपीठावरून पुष्कळांचे आभार मानले, माझेही मानले. ज्याच्यामुळं ते पुस्तक आहे त्याची आणि त्यांची ओळखही झाली नाही. मला तेव्हा उठून सांगावंसं वाटलं होतं. पण मग बंबाचाही विषय निघाला असता.

पुढं मी अण्णांच्या दुकानात जायला लागले, काम संपल्यावर तासभर. शिकायला म्हणून नव्हे, त्यांना हिशेबाच्या वह्या वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. साखरेनं त्यांची नजर उतरायला लागली होती, त्या दिवशी चष्मा विसरल्याचं खोटं होतं हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्याकडं एक लांबट वही होती, किराणा दुकानात असते तशी लाल कापडी बांधणीची. तीत गावातल्या मशिनांची सेटिंगं. माणसांची नावं नाहीत, नुसत्या खुणा: 'दातांचे डॉक्टर, आयडीई, एक्सपी'. 'सोसायटी, रेड, हात लावू नये'. 'पत्रिकावाली ताई, एएचसीआय, प्लग काढू नये'. एक्सपीची त्यांना विशेष माया. ते २००१चं, म्हणजे एएचसीआयच्या आधी जन्मलेलं. त्याला ही भाषा शिकवायची तर विंडोज बसवताना सुरुवातीलाच एफ-सिक्स दाबून फ्लॉपीवरून दुभाष्या द्यावा लागायचा. तेवढ्यासाठी अण्णांनी एक फ्लॉपी ड्राइव्ह जपून ठेवला होता, गावातला बहुधा शेवटचा.

आयडीईवर बसवलेलं विंडोज सेव्हन एएचसीआयवर कसं न्यायचं हेही त्यांनीच दाखवलं. आधी बायोसला हात लावायचा नाही. रेजिस्ट्रीत शिरून एमएसएएचसीआय नावाच्या दुभाष्याची रजा रद्द करायची, त्याच्या 'स्टार्ट' समोरच्या आकड्याचं शून्य करायचं, मशीन बंद करायचं, आणि मग बँड फिरवायचा. "आधी माणूस दाराशी उभा कर, मग दार उघड." विंडोज टेनला एवढंही लागत नाही. एकदा सेफ मोडमध्ये सुरू होण्याची आज्ञा देऊन ठेवायची, मधल्या मध्ये बायोसमध्ये बदल करायचा, सेफ मोडमध्ये ते आपलं आपण सावरून घेतं. मग आज्ञा मागं घ्यायची. ती मागं घ्यायला मी एकदा विसरले होते, आणि दुसऱ्या दिवशीही मशीन सेफ मोडमध्येच उठलेलं बघून गिऱ्हाइकानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ते सांगत नाही.

या सगळ्याची परतफेड करायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका मी केल्या, तीनशे. अण्णांनी बिल मागितलं. मी नाही म्हटलं. त्यांनी छापखान्यात विचारून दर काढला आणि पाकिटात घालून पैसे पाठवले, वर एक नारळ. पत्रिकेत 'ऋणानुबंध' हा शब्द मी आयुष्यात शेकड्यांनी जुळवला आहे. मजकूर एका फाँटातून दुसऱ्यात नेला की बहुतेक वेळा पहिला बिघडतो तो त्यातला 'ऋ'. तेवढा तपासायचा आणि पुढं जायचं, एवढाच माझा त्या शब्दाशी संबंध होता.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आली. सांगलीत पाऊस कुणी इंचांत मोजत नाही, आयर्विन पुलाशी पाणी किती फूट, हे विचारतात. ४५ला धोका, हे शाळकरी पोरालाही माहीत. त्या वर्षी आकडा धोका ओलांडून पुढं पुढंच गेला. मी दोन्ही मशिनं माडीवर नेली, वायरी काढून, चादरीत गुंडाळून. अण्णांच्या बोळात पाणी एका रात्रीत चढलं. माणसं निघाली, दुकान राहिलं. पाणी ओसरल्यावर आम्ही शटर उचललं तेव्हा आत गुडघाभर गाळ होता. मीटर, रेडिओचे सांगाडे, फ्लॉपी ड्राइव्ह सगळं एकाच रंगाचं झालेलं. लाल वही फुगून दुप्पट झाली होती. उघडली तर शाई पसरून पानापानावर निळे ढग. मी ती उन्हात वाळवायला घेतली. अण्णा म्हणाले, "राहू दे. वाळून काय वाचणार हाईस?"

त्या पंधरवड्यात गावातली बहुतेक मशिनं कायमची गेली. पण जी माझ्यासारख्यांनी माडीवर नेली होती ती दहा-बारा दिवस बिनविजेची पडून होती, आणि जुन्या सेलांनी तेवढ्यात माना टाकल्या होत्या. वीज आल्यावर ती उठली ती कुठल्या कुठल्या सालातल्या १ जानेवारीत. माझंही उठलं. त्या पडद्याला मी या वेळी एफ-टू दाबलं नाही. वाचलं. मग सोसायटीतून बोलावणं आलं, कुणी सांगितलं कोण जाणे. मग दातांचे डॉक्टर. मी अण्णांना फोन करायचे, ते मिरजेला भाच्याकडं होते. "डॉक्टरांचं?" "आयडीई." "सोसायटी?" "रेड. मूळ सेटिंग घेऊ नको, आधी रेडवरच लाव." वही गेली होती, पण त्यांनी एकही चुकीचं सांगितलं नाही. डॉक्टरांनी पाकीट पुढं केलं तेव्हा माझ्या तोंडातून जे आलं ते माझं नव्हतं, आणि मला लाजल्यासारखं झालं, कारण मला ते म्हणायचा हक्क आहे का हे मला माहीत नव्हतं. मी सेलचे पैसे तेवढे घेतले.

दुकान पुन्हा उघडलं नाही. अण्णा आता मुलीकडं चिंचवडला असतात. एका डोळ्यानं उजेड-अंधार कळतो, दुसऱ्यानं तेवढंही नाही. रेडिओ मात्र उशाशी असतो. खंडेनवमीच्या आदल्या रात्री त्यांचा फोन ठरलेला, आणि त्यात घड्याळाच्या आधी एक वाक्य जास्त: "पूजा प्लग लावूनच कर."

परवाही आला. घड्याळ बरोबर आहे का म्हणाले. मी सवयीनं "बरोबर आहे" म्हणणार होते.

"बघून सांग," ते म्हणाले.

बघितलं. भिंतीवर सात वाजून दहा, स्क्रीनवर सात वाजून सहा. मी वाचलं तसं सांगितलं.

"कधीपासून?"

"माहीत नाही, अण्णा. बघितलं नव्हतं."

पलीकडून थोडा वेळ नुसता रेडिओ ऐकू येत राहिला. मग ते म्हणाले, "दुकानं किती वाजेपर्यंत उघडी असतात आता तिकडं?" मी फोन चालूच ठेवला, चपला घातल्या आणि सेल आणायला निघाले.